दिवेलागणीचा बाण

सिनेमात बाण मारणाऱ्या माणसाचं खरं काम बाण न लागण्याचं असतं. हे सांगितलं की समोरचा हसतो. मलाही आता हसू येतं, पण नोकरीत असताना कधी आलं नाही.

राजा सिंहासनावरून उठतो आणि त्याच्या कानाजवळ खांबात सणकन बाण घुसतो, हे पडद्यावर तुम्ही पाहिलं असेल. तो बाण शत्रूच्या सैनिकानं मारलेला नसतो. तो सैनिक म्हणजे बहुतेक वेळा जवळच्या तालमीतलं पोरगं, त्याला धनुष्य धरायचं कुठं हेही ठाऊक नसतं. बाण मारलेला असतो कॅमेऱ्याच्या बगलेत अंधारात उभ्या असलेल्या कुणीतरी. कोल्हापुरात साठ-सत्तरच्या सुमारास तो कुणीतरी बऱ्याचदा मी असायचो. हुद्दा मात्र सुताराचा. खांब, कमानी, पालख्या बनवायच्या आणि बाणाचं काम निघालं की रंधा ठेवून धनुष्य उचलायचं.

सेटवरचा खांब आतून पोकळ असतो. फळ्या, गोणपाट आणि वरून प्लॅस्टर. त्यात बाण मारला तर तो आरपार जाऊन मागं चहा पीत बसलेल्या माणसाला शोधून काढील. म्हणून खांबाच्या पोटात पांगाऱ्याच्या मऊ लाकडाचा ठोकळा बसवायचा. ठोकळा मीच बसवायचो, बाणही मीच मारायचो. त्यामुळं काही चुकलं तर बोट दाखवायला दुसरा माणूस नव्हता.

धनुष्य मला आबांनी शिकवलं. आबा, म्हणजे माझे वडील, संस्थानच्या शिकारखान्यात नोकरीला होते. संस्थान गेलं, शिकारखाना गेला, पण त्यांची सवय गेली नाही. शाहूपुरीतल्या आमच्या खोलीमागं बोळ होता. त्याच्या टोकाला भाताचं पिंजर भरलेलं पोतं टांगून दिवे लागायच्या वेळी ते मला उभं करायचे. दिवसा कधीच नाही. मी विचारलं तर म्हणायचे, "उजेडात डोळा शाणपणा करतोय. बाणाच्या टोकाकडं बघतो, अंतर मोजतो, हाताला शिकवाय जातो. अंधार पडला की गप बसतो. मग हात आपलं काम करतोय."

त्यांची रीत अशी की एक डोळा मिटायचा नाही, बाणावरून नेम धरायचा नाही. जिथं मारायचं त्या जागेकडं दोन्ही डोळ्यांनी बघायचं आणि दोरी सोडायची. अंधारात घास तोंडात जातो, नाकात जात नाही, तसंच हे. सगळा संध्याकाळचा अभ्यास एवढ्याचसाठी की मनानं मध्ये तोंड घालू नये. पुढं स्टुडिओत हेच उपयोगी पडलं, कारण सगळे दिवे नटावर असतात आणि मारणारा काळोखात उभा असतो.

पण या रीतीत एक भयंकर गोष्ट आहे, ती आबांनी पहिल्याच दिवशी सांगितली होती. बाण नजरेमागं जातो. तुम्ही खांबाकडं बघितलं तर खांबात जातो, आणि ऐन वेळी माणसाकडं बघितलं तर माणसात जातो. "माणसाला लागू नये" असा विचार मनात आला की नजर माणसाकडं जातेच. म्हणजे काळजी करायची नाही, हीच सगळ्यात मोठी काळजी. मी ती पुष्कळ वर्षं केली. शूटिंगच्या आदल्या रात्री जेवण जायचं नाही. घरी परतलो की बायको दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची आणि तांब्या देण्याआधी विचारायची, "कुणाला लागलं न्हाय न्हवं?" न्हाय म्हटलं की मगच पाणी मिळायचं.

तऱ्हेतऱ्हेची माणसं पुढं उभी राहिली. एक नट राजाचं काम करायचा. तालमीत पोट आत घेऊन उभा राहायचा आणि दोरीचा आवाज झाला की भीतीनं श्वास सोडायचा. मग ते पोट बाणाच्या वाटेत यायचं. शेवटी मी त्याला तिरका उभा करून घेतला. दुसऱ्या एका नव्या नायकाची आई डबा घेऊन सेटवर आली होती. मुलाशेजारी बाण मारणार म्हटल्यावर ती डबा ठेवून स्वतःच खांबाला पाठ लावून उभी राहिली. "आदी माज्याजवळ मार. मग माज्या लेकाजवळ." सगळे हसायला लागले, पण बाई हलेना. मी मारला. तिनं वळून खांबात रुतलेला बाण बघितला, दोन्ही हातांनी हलवून बघितला आणि म्हणाली, "बरा हाय की. मार आता त्येला." त्या दिवशी माझा हात फार हलका होता. समोरच्यानं आपल्यावर विश्वास टाकला की असं होतं, असं मला तेव्हा वाटायचं. पन्हाळ्याला ते उलटं झालं.

पन्हाळ्यावर एका ऐतिहासिक चित्रपटाचं बाहेरचं शूटिंग होतं. दिग्दर्शकांना सगळे मास्तर म्हणायचे, कारण सिनेमात येण्याआधी ते खरोखरच शाळेत शिकवत होते, आणि सेटवरही आम्हाला वर्गातल्यासारखंच वागवायचे. प्रसंग असा की किल्लेदाराची आई सांजवेळी हातात दिवा घेऊन दरवाजात उभी आहे, मुलाची वाट बघते आहे. शत्रूचा बाण येऊन तिच्या कानाशेजारी चौकटीत घुसतो. ती पापणी हलवत नाही. दिवाही हलत नाही.

आईचं काम गोदाक्का करत होती. मूळची खाली नदीकाठच्या गावची, कर्नाटकाच्या हद्दीजवळची. लहानपणापासून नाटकाच्या फडात वाढलेली आणि सगळ्या युनिटची आक्का. आवाज असा की दरवाजातून हाक मारली तर पार लांब, गडावरच्या तबकउद्यानातला माणूस वळून बघेल. मास्तरांनी या प्रसंगासाठी आधी दोन-तीन बायका पाहिल्या होत्या. नुसतं मोकळं धनुष्य रोखलं तरी त्या दचकायच्या. आक्का दचकली नाही. तिन्हीसांजेला तालीम घेतली तेव्हा मी तिच्यावर धनुष्य रोखलं, दुसऱ्या बाजूच्या फळीत बाणही मारून दाखवला, आणि आक्का समोर बघत शांत उभी. मास्तर म्हणाले, "ही बघा नजर. याला म्हणतात कलावंत."

तिची शिस्तही सगळ्यांना कौतुकाची वाटायची. ऊन असतानाच ती येऊन जागेवर उभी राहायची आणि शॉट होईपर्यंत तिथून हलायची नाही. चहासुद्धा तिला तिथंच नेऊन द्यायचे.

मास्तरांना खरा सांजउजेड हवा होता. दिवसा कॅमेऱ्यापुढं रंगीत काच लावून संध्याकाळ करायची युक्ती त्यांना नको होती. सूर्य बुडाल्यावर आभाळात जो थोडा उजेड उरतो आणि दिव्याची ज्योतही दिसते, असा वेळ फार थोडा असतो. म्हणजे दिवसाला एकच शॉट. तारेवरून बाण सोडायची सोय असते, पण दिव्याच्या उजेडात तार चमकते. रुतलेला बाण दोऱ्यानं ओढून काढायचा आणि रीळ उलटं फिरवायचं, अशीही एक युक्ती असते. पण मागं मशाली होत्या, आणि उलट्या रिळात मशालीचा धूर खाली जातो. तेव्हा खराच बाण मारायचा ठरला, तोही खऱ्या माणसाशेजारी.

दगडी कमानीत मी पांगाऱ्याची चौकट बसवली. खूण म्हणून चुन्याचं बोट लावायला गेलो तर कॅमेरामन बापू ओरडले, "चुना नको! फिल्मवर बोंबलतोय तो." म्हणून पटाशीनं एक बारीक खाच पाडली, आक्काच्या कानापासून चार बोटांवर. उजेडात ती छान दिसायची. सूर्य बुडाला की दिसेनाशी व्हायची.

पहिल्या संध्याकाळी धुकं चढलं आणि काम झालं नाही. दुसऱ्या संध्याकाळी आभाळ स्वच्छ होतं. मी दोरी गालापर्यंत ओढली. चौकट काळी, भिंत काळी, आणि त्या सगळ्या काळ्यात दोनच गोष्टी उजळ. दिवा, आणि दिव्यानं उजळलेली आक्काची मोत्यांची नथ. मी खाचेकडं बघायचा प्रयत्न करत होतो, पण खाच नव्हतीच. नजर घसरून नथीवर गेली. परत ओढून आणली, परत गेली. मी दोरी तशीच हळूहळू सैल केली आणि धनुष्य खाली घेतलं.

ओढलेला बाण उतरवणं हे आमच्या कामात फार नामुष्कीचं. उजेड गेला, दिवस गेला. निर्माते त्या दिवशी मुद्दाम वर आले होते, ते गाडीत जाऊन बसले. मास्तर म्हणाले, "दत्तू, उद्या शेवटचा दिवस. परवा युनिट खाली जाणार." नथ काढता येते का, असं मी विचारलं. आधीच्या सगळ्या शॉटांत ती घातलेली होती. ते कारण मलाही पटलं.

पहाटे फटफटायच्या आधी मी एकटाच दरवाजाशी गेलो. पोत्याचं एक बुजगावणं केलं, ते चौकटीत उभं केलं, पुढं दिवा टांगला. नथीच्या जागी जरीचा तुकडा टाचला. पहाटेचा उजेड संध्याकाळसारखाच असतो, फक्त उलट्या दिशेनं जातो. पहिला बाण चौकटीत बसला, दुसराही बसला. मला जरा धीर आला. मग मनात आलं, हे पोतं आहे म्हणून जमतंय, आक्का असती तर? आणि तिसरा बाण पोत्याच्या गालात गेला. बरोबर जरीच्या तुकड्याखाली.

मी तिथंच एका दगडावर बसलो. बाण काढायलाही उठवेना. किती वेळ बसलो कुणास ठाऊक, ऊन वर आलं आणि पाठीमागून आवाज आला.

"ही मीच न्हवं?"

आक्का होती. पदर डोक्यावर, हातात तंबाखूची डबी. पोत्यापाशी जाऊन तिनं बाण हातानं चाचपला. मी तिला सगळं सांगून टाकलं. बाण नजरेमागं जातो, माझी नजर तुमच्या नथीवर जाते, मी मास्तरांना नाही म्हणून सांगणार आहे.

"न्हाय कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "आरं, नाटकात मी इंगेकडं, त्या बाजूच्या पडद्याकडं, बघितलं की समदी माणसं इंगेकडं बघत्यात. थितं कोण नसलं तरी बघत्यात. मी त्या खाचंकडं बघती. मी बघितलं की तुजी नजर आपुआप येती बग."

"मास्तर समोर बघा म्हणत्यात, आक्का."

"मास्तर काय म्हणत्यात ते मास्तरनं हितं हुबं ऱ्हाऊन म्हणावं. कुटं हाय तुजी खाच? दाव."

मी दाखवली. तिनं बोट खाचेत घातलं, काढलं, परत घातलं. मग चौकटीला पाठ लावून उभी राहिली आणि न बघता हात मागं नेऊन बोट नेमकं खाचेवर टेकवलं. असं तिनं पुन्हा पुन्हा केलं. मला वाटलं, नाटकातली माणसं, जागा अशीच पक्की करत असतील.

मी एवढंच बजावलं, "डोळंच फिरवा. मान हलवू नका. मान वळली तर नाक वाटंत येतंय."

"बरं," ती म्हणाली.

तो दिवस कसा गेला ते मला सांगता येणार नाही. जेवलो नाही. दोरीला मेण लावलं, पुसलं, परत लावलं. दुपारी आभाळ भरून यावं म्हणून मी देवाला हात जोडले. आभाळ निरभ्र राहिलं. नेहमीप्रमाणं आक्का उन्हातच येऊन उभी राहिली. मशाली पेटल्या, दिवा तिच्या हातात दिला, सूर्य खाली गेला. बापूंनी हात वर केला आणि कॅमेऱ्याची घरघर सुरू झाली.

मी दोरी ओढली. नथ चमकली. नजर तिकडं गेली. तेवढ्यात आक्का वळली. डोळे नाही, आख्खा चेहरा खाचेकडं वळला. तिचं म्हणणं खरं होतं. माझी नजर तिच्या नजरेमागं चौकटीवर गेली, आणि नजर गेली त्याच क्षणी बोटांनी दोरी सोडली. दोरी सुटल्यावर मला दिसलं की तिची मान वळून थांबलेली नाही, ती आणखी कलते आहे, चौकटीकडं, बाणाकडं.

ठक्क असा आवाज झाला. दिवा हलला नाही.

टाळ्या पडल्या. मी धनुष्य टाकून पळालो. बाण खाचेतच होता आणि आक्काचं नाक त्याच्या दांडीला जवळजवळ टेकलेलं. ती तशीच उभी होती. मी जवळ गेलो तेव्हा तिनं ओठ न हलवता विचारलं, "मारलास? कुटं लागला?"

मला वाटलं, चेष्टा करतेय. मग तिनं चौकट चाचपायला हात उचलला. हात बाणाच्या दांडीवर आपटला, ती केवढ्यानं तरी दचकली आणि दिव्यातलं तेल माझ्या हातावर सांडलं. त्या तेलाचा चटका बसला तेव्हा कुठं मला कळलं.

"आक्का, दिसत न्हाय तुम्हाला?"

"हळू बोल," ती म्हणाली. "दीस बुडला की न्हाय दिसत. दोन वरसं झाली. ही ज्योत तेवढी दिसती, बाकी समदं काळं. कुणाला बोलू नगंस, दत्तू. नाटकं रातचीच असत्यात रं. कळलं तर मला कोण बोलावंल?"

म्हणजे तिला मी दिसत नव्हतो, धनुष्य दिसत नव्हतं, खाच दिसत नव्हती. सगळ्यांनी वाखाणलेली ती न हलणारी नजर कशामुळं होती ते आत्ता उमगलं. ऊन असताना येऊन उभं राहायची शिस्तही कशासाठी होती तेही. आणि मान किती वळवायची ते तिनं अंदाजानं ठरवलं होतं.

मागून मास्तर आले. "वा! पण आक्का, मान वळली हो तुमची. बाण येणार हे तिला आधीच कळल्यासारखं दिसतं. उद्या आणखी एक घेऊ. युनिट एक दिवस थांबवतो मी."

"घ्या की," आक्का म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा खणखणीत. "मी हाय."

ती पुन्हा उभी राहणार होती. पुन्हा त्याच काळ्यात, अंदाजानं. मी काय बोलावं याचा विचार केला नाही. तोंडातून निघून गेलं, "मास्तर, मला जमणार नाही. दिवेलागणीनंतर मला दिसत नाही."

मास्तरांनी चौकटीतल्या बाणाकडं बोट केलं.

"मग आत्ताचा बाण?"

"अंदाजानं मारला."

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी आक्काला हाताला धरून तिथून बाजूला नेलं, आणि मला त्या घटकेला तेवढंच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी एस.टी.नं खाली आलो. बातमी माझ्याआधी पोचली होती. कोल्हापुरातल्या कुठल्याही सेटवर पुन्हा कुणी मला जिवंत माणसाशेजारी बाण मारायला उभं केलं नाही, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मी खांब बनवत राहिलो. दुसरं कुणी तारेवरून बाण सोडत असलं की मी मुद्दाम खिळे आणायला बाहेर जायचो. वाईट वाटायचं. आबांनी एवढी वर्षं बोळात उभं करून शिकवलेलं, ते एका वाक्यात गेलं. पण रात्रीचं जेवण जायला लागलं हेही खरं, आणि बायको दारात काही न विचारता पाणी द्यायला लागली.

दुसरा शॉट मिळाला नाही म्हणून मास्तरांनी तोच ठेवला. चित्रपट कोल्हापुरात लागला तेव्हा आक्काचा निरोप आला, दुपारच्या खेळाला घेऊन चल. थिएटरातला अंधार म्हणजे तिला रात्रच. मी हात धरून तिला खुर्चीपर्यंत नेलं. पडदा उजळला आणि ती सावरून बसली. पडद्यावरचं तिला सगळं दिसत होतं. लोकांचे कपडेलत्ते, दागिने, कुणाची मिशी तिरकी आहे, सगळं मला मोठ्यानं सांगत होती, आणि पुढच्या रांगेतले लोक मागं वळून वळून बघत होते.

मग तो दरवाजा आला. दिवा आला. पडद्यावरची आक्का हळूच मान वळवते, जणू तिला अंधारातली चाहूल लागली आहे, असंच ते दिसत होतं. बाण आला. पडद्यावरची आक्का हलली नाही. लोकांनी टाळ्या आणि शिट्ट्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं.

माझ्या शेजारची आक्का किंचाळली. तिनं दोन्ही हातांनी माझा दंड धरला, आणि तिचे हात गारठले होते. पन्हाळ्याला तिनं तो बाण पाहिलाच नव्हता. आत्ता पहिल्यांदा पाहिला. पुढचा सगळा प्रसंग निघून गेला तरी तिनं माझा दंड सोडला नाही.

"आरं दत्तू," ती म्हणाली, आणि तिचा तो आवाज मी पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला, "लागला असता की रं मला."

"व्हय, आक्का," मी म्हणालो. "लागला असता."